मालकी रानातली तोड आणि ‘वन’ कशाला म्हणायचं याचा वाद

कोकणात जुनं जंगल म्हणून जे उरलं आहे, त्यातलं बरंचसं वनखात्याच्या ताब्यात नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी वन थोडं आणि मालकी रान जास्त. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात गेली दहा-पंधरा वर्षं तोडीविरुद्ध जे चाललं आहे, त्यातला बराचसा गुंता या एका गोष्टीतून निघतो.

चिपकोची हकीकत इथे पुन्हा सांगायची गरज नाही. पश्चिम घाटापुरतं बोलायचं तर ८ सप्टेंबर १९८३ हा दिवस महत्त्वाचा. त्या दिवशी उत्तर कन्नडमधल्या सिरसी तालुक्यातल्या साल्कणीचे लोक कळसेच्या जंगलात गेले आणि त्यांनी तोड थांबवली. पण ते जंगल सरकारी होतं आणि ठेकेदार खात्याच्या परवानगीने आला होता. अशा ठिकाणी गावाला मागणी कुणाकडे करायची हे ठाऊक असतं, आणि सरकारने मनावर घेतलं तर एका आदेशात तोड थांबते. कोकणात तोडायला देणारा माणूस शेजारचाच असतो, नाहीतर मुंबईत राहणारा चाकरमानी. सात-बारावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी मयत, वारसनोंदी रखडलेल्या. एखादा सहहिस्सेदार कुलमुखत्यारपत्र करून देतो, व्यापारी उभं रान एकगठ्ठा घेतो आणि बाकीच्यांना टोळी कामाला लागल्यावर कळतं.

मालकी रानात तोड पूर्वीही होती. कोळसा आणि जळाऊ लाकूड यांसाठी ठरावीक वर्षांनी रान तोडलं जायचं, पण कोयता-कुऱ्हाडीने. खुंट जमिनीलगत राहायचे, पावसाळ्यात त्यांना फुटवे यायचे आणि आईन, किंजळ, जांभूळ पुन्हा उभे राहायचे. उंच कड्यालगतचं, ओढ्याकाठचं आणि देवाचं रान सहसा वगळलं जायचं. कटर मशीन आल्यावर वेग वाढला, पण खरा फरक जेसीबीने पाडला. रबर, अननस किंवा काजूच्या सलग लागवडीसाठी खुंट मुळासकट उपटले जातात, पालापाचोळा पेटवला जातो आणि उतारावर टप्पे काढले जातात. मग फुटवा यायला काही उरतच नाही. गारंबीसारख्या दांडग्या वेली तर आधीच तोडाव्या लागतात, नाहीतर एक झाड पडताना वेल शेजारची चार खाली ओढते. धनेशाला घरट्यासाठी ढोली लागते आणि तेवढी मोठी ढोली जुन्या, जाड खोडातच मिळते. फुटव्यांच्या रानात धनेश चरायला येतो, पण वीण करत नाही. ‘झाडं काय, पुन्हा वाढतील’ या युक्तिवादाला हे उत्तर पुरेसं आहे.

इतक्या जुन्या झाडांना कायद्याचं संरक्षण नाही का, असा प्रश्न येतो. आहे, पण विस्कळीत आहे. १९६४ च्या झाडे तोडण्याच्या विनियमनाच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं आहे. त्यात साग, आईन, किंजळ, हिरडा, खैर, जांभूळ, आंबा, फणस अशा, म्हणजे बाजारात किंमत असलेल्या किंवा फळ देणाऱ्या जाती आहेत. ढोलीसाठी हमखास उपयोगी पडणारी सातवीण त्यात नाही. शिवाय कमाल दंड कित्येक दशकं एक हजार रुपये होता. तेवढी रक्कम व्यापारी खर्चातच धरायचा.

म्हणून लढा दुसऱ्या कायद्याकडे सरकला, आणि तिथेच ‘वन’ या शब्दाचा घोळ सुरू होतो. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार वनजमीन वनेतर कामासाठी वापरायला केंद्राची पूर्वपरवानगी लागते. १९८८ च्या दुरुस्तीने वनेतर काम म्हणजे काय तेही स्पष्ट केलं, आणि त्या यादीत रबर, चहा, कॉफी, मसाल्याची पिकं, बागायती पिकं नावानिशी आहेत. म्हणजे जमीन ‘वन’ ठरली तर रबरासाठी ती साफ करणं थेट बेकायदा होतं. जमीन ‘वन’ ठरली नाही तर त्याच जागी, त्याच झाडांबाबत प्रश्न फक्त तोड परवान्याचा उरतो. हरित न्यायाधिकरणाचंही तेच. ज्या कायद्यांखालच्या तक्रारी ते ऐकतं त्यांची यादी ठरलेली आहे. तिच्यात १९८० चा कायदा आहे, पण १९२७ चा भारतीय वन कायदा नाही आणि राज्याचा १९६४ चा कायदाही नाही. ‘विनापरवाना आईन तोडले’ एवढीच तक्रार घेऊन गेलेला अर्ज तिथे टिकत नाही. अर्जात जमीन वन असल्याचं आधी दाखवावं लागतं.

ते दाखवायचे मार्ग तीन, आणि तिन्ही वाटा काट्याकुट्यांच्या. पहिला जुन्या नोटिशीचा. १९५० च्या दशकापासून अनेक मालकांवर भारतीय वन कायद्याच्या कलम ३५(३) खाली, तोडीवर निर्बंध का घालू नयेत अशा, नोटिसा निघाल्या. नंतर १९७५ चा महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा आला आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून सगळी खाजगी वनं शासनाकडे निहित, म्हणजे आपोआप शासनाच्या मालकीची, झाली. नोटीस निघालेली जमीनही त्या व्याख्येत होती. पण बऱ्याच सात-बारांवर नोंद चढलीच नाही. चढली ती कित्येक वर्षांनी, ‘इतर हक्क’ रकान्यात, तोवर जमिनीचे दोन-तीन व्यवहार होऊन गेले होते. शिवाय त्याच कायद्याच्या कलम २२-अ प्रमाणे ज्याची एकूण धारणा १२ हेक्टरपेक्षा कमी, त्याला जमीन परत मिळण्याची तरतूद झाली. कोकणात खातेदार छोटे, त्यामुळे परत मिळवण्याचे दावे भरपूर. परत मिळालेली जमीन १९८० च्या कायद्यापुरती वन राहते का, यावर कार्यालयागणिक वेगळं उत्तर मिळतं. त्यात ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोटीस नुसती निघून भागत नाही. ती मालकाला बजावलेली हवी आणि पुढची प्रक्रिया जिवंत हवी. ज्या गावांनी निव्वळ नोटिशीच्या क्रमांकावर भिस्त ठेवली होती त्यांच्या पायाखालची जमीन इथे सरकली. निकाल मुंबईतल्या इमारतींच्या संदर्भातला होता, त्याची झळ मात्र डोंगरातल्या रानालाही पोचली.

दुसरा मार्ग १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाचा. मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन, आणि सरकारी दप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीनही वन, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. राज्यांनी महिन्याभरात तज्ज्ञ समिती नेमून अशी क्षेत्रं हुडकायची होती. पण मोजपट्टी प्रत्येक राज्याने आपापली लावली. कुणी किमान क्षेत्र ठरवलं, कुणी हेक्टरी झाडांची संख्या. जंगल हुडकण्याचं काम दप्तरातूनच उरकलं की मालकी रान सुटतं, कारण दप्तरात ते ‘वरकस’ (हलक्या पिकाची डोंगरउताराची जमीन) किंवा ‘पोटखराबा’ (लागवडीला निरुपयोगी जमीन) असतं. आमच्या मते या लढ्यातला निर्णायक क्षण हाच. न्यायालयाने दार उघडलं होतं, यादी करणाऱ्यांनी ते अर्धंच उघडं ठेवलं.

तिसरा मार्ग प्रत्यक्ष वनाचा. ३० ऑगस्ट १९७५ ला तिथे जंगल उभं होतं हे सिद्ध करायचं आणि १९७५ च्या कायद्याच्या कलम ६ खाली चौकशी मागायची. यासाठी भारतीय सर्वेक्षणाची जुनी टोपोशीट (नकाशा), कडईपत्रक हे जुनं महसुली पत्रक, जुना पीकपाहणीचा उतारा उपयोगी पडतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे जुन्या आणि नव्या सर्व्हे नंबरांचा मेळ न घालणं. हिस्से पडलेले असतात, फेरमोजणी झालेली असते, आणि जुना पुरावा नव्या नंबरला चिकटवला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला तो काढून टाकतो.

१९८० च्या कायद्याला २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने या सगळ्यावर आणखी एक थर चढवला. वन म्हणून अधिसूचित झालेली किंवा २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर सरकारी दप्तरी वन म्हणून नोंदलेली जमीन एवढ्यापुरताच कायदा लागू राहील, असं तिने ठरवलं आणि १ डिसेंबर २०२३ पासून ती अमलात आली. शब्दकोशातला अर्थ त्यात बसत नव्हता. १९ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, नव्या नियमांनुसार राज्यांची एकत्रित नोंद पूर्ण होईपर्यंत १९९६ चाच अर्थ चालेल. म्हणजे आज जे संरक्षण आहे ते एका अंतरिम आदेशावर उभं आहे.

जागेवर लढा चालतो तो मात्र परवान्याच्या कागदावर. मालकी प्रकरणात हद्दीची मोजणी, झाडांची यादी, जात आणि घेर, मग झाडांवर हातोड्याचा शिक्का असा क्रम असतो. शिक्का दोन ठिकाणी बसतो, एक छातीच्या उंचीवर आणि एक बुंध्याशी. झाड पडल्यावर बुंध्याचा शिक्का खुंटावर राहायला हवा. तो नसेल तर तोड परवान्याबाहेरची, हे पंचनाम्यात लिहून घेता येतं. म्हणून तोडणारी टोळी पोचल्यावर गावची माणसं आधी खुंट मोजतात, फोटो काढतात, प्रत्येक फोटोत टेप ठेवतात. पण यादीतला घेर १.३७ मीटर उंचीवरचा असतो आणि खुंटाचा घेर त्याहून मोठा भरतो. दोन्ही सरळ ताडून ‘घेरात घोटाळा’ अशी तक्रार केली की ती फेटाळली जाते आणि पुढच्या खऱ्या तक्रारीचंही वजन जातं. सावरीसारख्या झाडाला बुंध्याशी फळ्यांसारखी पसरलेली आधारमुळं असतात, तिथे तर मापात आणखी फरक पडतो.

गाडीवरच्या मालाचंही तसंच. क्वार्टर गर्थ पद्धतीत घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. १.६ मीटर घेराचा ३ मीटर ओंडका ०.४८ घनमीटर भरतो, प्रत्यक्षात त्यात लाकूड असतं ०.६१ च्या आसपास. वाहतूक पासावरचा आकडा नेहमी कमी दिसतो तो बऱ्याचदा या पद्धतीमुळे, चोरीमुळे नव्हे. चोरी शोधायची तर ओंडक्यांची संख्या आणि जात पाहावी.

माहिती अधिकारात दहा रुपये भरून परवान्याची प्रत मागता येते, पण उत्तराला तीस दिवस आणि यंत्राने दोन हेक्टर साफ व्हायला काही दिवसच. त्यात २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. शुक्रवारी संध्याकाळी यंत्र चढलं तर सोमवार सकाळपर्यंत तक्रार घ्यायला तहसीलमध्ये कुणी नसतं. म्हणून गावं आता वनरक्षक आणि वनपालाला लेखी अर्ज देऊन पोच घेतात, आणि त्याच अर्जाची प्रत पोलीस ठाण्यातही देतात.

मालकांची बाजू खोटी नाही. रानातून वर्षाला काही मिळत नाही, वणव्याची जोखीम त्यांची, आणि बंदी आली की लग्न-आजारपणाला विकायचं झाडही अडकतं. तोडीला विरोध करणाऱ्या गावांतही हे कुणी नाकारत नाही.

देवरायांचा प्रश्न याच गुंत्याचा लहान तुकडा आहे. सात-बारावर कुठे देवस्थान, कुठे ग्रामस्थ, कुठे महाराष्ट्र शासन. तिथे तोड बहुधा बाहेरचा करत नाही. मंदिराचा जीर्णोद्धार निघतो, मानकरी बसतात, गुरवामार्फत कौल लावला जातो आणि कौल मिळाला की आंबा-बेहडा पडतो. कौलाची प्रथा रान राखायची होती. स्लॅबच्या मंदिराचा खर्च पुढे आल्यावर ती उलटी फिरली. १८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या (तिथल्या देवरायांच्या) प्रकरणात अशा राखीव रानांची पाहणी आणि अधिसूचना करायला सांगितली, केंद्राने सर्वसमावेशक धोरण आखावं असंही सुचवलं.

आता दोडामार्गकडे. राधानगरी आणि कर्नाटकातलं भीमगड या अभयारण्यांना जोडणारा वन्यजीवांचा भ्रमणमार्ग इथून जातो. पश्चिम घाटावरच्या २०११ च्या अहवालाने हा भाग संवेदनशील मानला, २०१३ च्या दुसऱ्या अहवालाच्या यादीतून दोडामार्ग तालुका वगळला गेला. या भागासाठी मुंबई उच्च न्यायालयातही दाद मागितली गेली, २०१३ मध्ये दोडामार्गात वृक्षतोडीला बंदी आली. २२ मार्च २०२४ च्या निकालात २५ गावं पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याचे निर्देश मिळाले. दरम्यान जून २०२० मध्ये तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव झालं, पण ते सरकारी वन, मालकी रान बाहेरच.

संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं की तोड थांबेल, असा समज गावागावांत आहे. केंद्राच्या ३१ जुलै २०२४ च्या अधिसूचनेच्या मसुद्यात पश्चिम घाटाचं ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, त्यात महाराष्ट्राचं १७,३४०. मसुदा खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, लाल गटातले (सर्वाधिक प्रदूषणकारी) उद्योग आणि मोठी बांधकामं रोखतो. मालकी झाडांच्या तोडीवर सरसकट बंदी त्यात नाही. दोडामार्गात तोड अडली ती न्यायालयाच्या वेगळ्या आदेशाने.

त्यामुळे जाणत्या गावांचं लक्ष सध्या वनांची एकत्रित नोंद करणाऱ्या तज्ज्ञ समितीसमोरच्या यादीवर आहे. आपलं रान त्यात यावं म्हणून अर्ज जातात. त्यात सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, एका ठरावीक चौकोनातल्या झाडांची जातवार मोजणी, ढोलीच्या झाडांचे फोटो आणि जुन्या टोपोशीटची प्रत जोडली जाते. फक्त वाडीचं किंवा देवाचं नाव लिहिलेला अर्ज महसुली नोंदीशी जुळवता येत नाही, तो परत येतो किंवा तसाच फाइलमध्ये पडून राहतो.