व्यापाराचा आकडा दिसला की आधी छेद बघा

२ एप्रिल २०२५ ला व्हाइट हाऊसच्या बागेत ट्रम्प यांनी जो मोठा बोर्ड हातात धरून दाखवला तो बऱ्याच जणांना आठवत असेल. देशाचं नाव, त्यापुढे तो देश अमेरिकेकडून किती टॅरिफ, म्हणजे आयातीवरची ड्युटी, घेतो तो आकडा आणि शेजारी अमेरिका आता किती लावणार तो आकडा. व्हिएतनामपुढे ९० आणि ४६, भारतापुढे ५२ आणि २६. आता व्हिएतनामची सरासरी ड्युटी आहे ९-१० टक्क्यांच्या घरात, मग हे ९० आले कुठून? लोकांनी काही तासांतच गणित उलगडलं. व्हिएतनामसोबतची मालाची व्यापार तूट (तिथून आलेला माल वजा तिथे गेलेला माल) घ्यायची आणि तिला व्हिएतनामकडून आलेल्या मालाच्या किमतीने भागायचं, बस. २०२४ ची तूट साधारण १२३ अब्ज डॉलर, आयात १३६-१३७ अब्ज, भागाकार ०.९० च्या किंचित वर, त्याचं अर्धं करून वरच्या बाजूला राउंड केलं की ४६. सरकारने जे सूत्र प्रसिद्ध केलं त्यात अजून दोन ग्रीक अक्षरं होती खरी, पण एकाची किंमत ४ धरलेली आणि दुसऱ्याची ०.२५, म्हणजे गुणाकार १, उत्तरात काहीच फरक नाही.

या सूत्रात टॅरिफ कुठेच नाही, आणि याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मला आफ्रिकेत सापडतो. लेसोथो, बोत्सवाना, दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि इस्वातिनी हे पाच देश एकाच कस्टम्स युनियनमध्ये आहेत, १९१० पासूनची युनियन आहे ती, जगातली सगळ्यात जुनी. तिचा अर्थच असा की बाहेरच्या मालावर पाचही देशांची ड्युटी एकच, अमेरिकन माल कुठल्याही देशात उतरवा, दर तोच. आणि त्या यादीत अमेरिकेने त्यांच्यावर जाहीर केलेले दर बघा: लेसोथो ५०, बोत्सवाना ३७, दक्षिण आफ्रिका ३०, नामिबिया २१, इस्वातिनी १०. ड्युटी एक आणि शिक्षा पाच प्रकारच्या! लेसोथो अमेरिकेला जीन्सचे कपडे आणि हिरे विकतो आणि गरीब असल्यामुळे अमेरिकेकडून जवळपास काहीच विकत घेऊ शकत नाही, म्हणून त्याचा भागाकार ९९ टक्के आला. ज्या देशात हजारो बाया कपड्यांच्या कारखान्यांवर पोट भरतात त्यांच्यावर चुकीच्या भागाकाराने ५० टक्के जाहीर झाले हे मला आजही फार लागतं.

शाळेत शिकलो होतो ना, अपूर्णांकात वर अंश, खाली छेद. देशांच्या व्यापाराची तुलना करणारे बहुतेक सगळे इंडिकेटर हे अपूर्णांकच असतात आणि आपली नजर जाते वरच्या आकड्यावर, खरी भानगड मात्र खाली असते.

साधी गोष्ट घ्या, एखाद्या देशाची सरासरी ड्युटी किती. एक पद्धत म्हणजे हजारो वस्तूंचे दर मांडायचे आणि सरळ सरासरी काढायची. यात प्रॉब्लेम असा की जी वस्तू कोणी मागवतच नाही तिलाही कच्च्या तेलाइतकंच वजन मिळतं. मग म्हणतात जितकी आयात तितकं वजन द्या. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं, पण कागदावर करून बघा. समजा एक देश १०० रुपयांचा माल मागवतो, त्यातला ९० रुपयांचा माल ड्युटीशिवाय आणि १० रुपयांच्या मालावर १०० टक्के ड्युटी. भारित सरासरी आली १० टक्के. आता सरकारने ती १०० ची ड्युटी ३०० केली, माल इतका महाग झाला की १० रुपयांच्या जागी एकच रुपयाचा आला. एकूण आयात ९१ रुपये, त्यावर ड्युटी ३ रुपये, सरासरी ३.३ टक्के. म्हणजे दरवाजा आणखी घट्ट लावला आणि तक्त्यात मात्र देश जास्त मोकळा दिसायला लागला! कारण ज्या आयातीला अडवलं तीच छेदातून गायब झाली. भारताचा आकडाही म्हणून दोन प्रकारे येतो, सरळ सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास आणि भारित १२ च्या आसपास, आणि ज्याला जे सिद्ध करायचंय तो ते उचलतो. जेम्स अँडरसन आणि पीटर नियरी या अर्थशास्त्रज्ञांनी याच्यावर खूप काम केलं, आणि त्यातून पुढे आलेला एक प्रश्न मला फार आवडतो: सगळ्या वस्तूंवर एकच दर लावायचा असता तर आजइतकीच आयात व्हायला तो किती ठेवावा लागला असता? मोजायला अवघड आहे, पण जी आयात आलीच नाही तिचाही हिशोब त्यात धरला जातो.

शिवाय ड्युटी दोन असतात. एक आज प्रत्यक्ष लागणारी आणि एक जागतिक व्यापार संघटनेला वचन दिलेली कमाल मर्यादा. भारताची कमाल सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे मध्ये भरपूर जागा. सोयाबीनवाल्यांना ही जागा चांगली माहीत आहे, नाव माहीत नसलं तरी. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरची मूळ ड्युटी शून्यावरून २० टक्के झाली आणि मे २०२५ च्या शेवटी परत १० वर आली. पाम तेलाला कमाल मर्यादा ३०० टक्के आहे, सोया तेलाला ४५, त्यामुळे नियम कुठेच मोडला नाही, पण लातूरच्या बाजारात सोयाबीन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दर वर्षी काय होईल याचा भरवसा राहत नाही, आणि ही अनिश्चितता सरासरीत दिसतच नाही.

आता कामगिरीचा आवडता आकडा, एकूण व्यापार भागिले जीडीपी. सिंगापूर ३०० टक्क्यांच्या वर, अमेरिका २५ च्या आसपास, म्हणून अमेरिका बंद देश का? नाही, मोठ्या देशात खरेदी-विक्री घरातल्या घरात होते, मुंबईहून कोलकात्याला गेलेला माल निर्यात नसतो. आणि ३०० टक्के येतातच कसे, तर वर मालाची पूर्ण किंमत मोजतात आणि खाली फक्त देशात भर पडलेली किंमत. २००९ च्या आयफोनचा हिशोब प्रसिद्ध आहे, चीनमधून निघताना साधारण १७९ डॉलर आणि त्यात चीनमधल्या जोडणीचे फक्त ६.५० डॉलर, बाकी जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका वगैरेंचे पार्ट. तरी खात्यावर पूर्ण १७९ चीनची निर्यात. म्हणून २०१३ पासून ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) आणि जागतिक व्यापार संघटना कुठल्या देशाने खरी भर किती घातली त्याचे वेगळे तक्ते देतात, तुलना करायची तर आधी ते उघडावेत असं माझं स्पष्ट मत.

आणि मग कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये सरळ बंदी, नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि वर ४० टक्के कायम, सप्टेंबरमध्ये किमान दर गेला आणि शुल्क २० वर आलं, १ एप्रिल २०२५ ला शून्य. या सगळ्यात भारताच्या सरासरी ड्युटीवर एका दशांशाचाही फरक नाही, कारण ती फक्त आयातीची असते. असे निर्णय मोजणारे डेटाबेस आहेत, पण त्यात बहुतेक वेळा एक निर्णय म्हणजे एक नोंद. तो एक किती मोठा, ते ठरवायला परत छेद लागतो. २०२२-२३ मध्ये देशाचा कांदा साधारण ३०० लाख टन आणि बाहेर गेला २५ लाख टन, भागाकार ८ टक्के, दिल्लीत बसून बघितलं तर किरकोळ. पण निर्यातीचा बराचसा कांदा महाराष्ट्रातला, तोही मुख्यतः नाशिक आणि आसपासचा उन्हाळ कांदा. खाली देशाच्या जागी लासलगावला येणारा माल लिहा आणि परत भागून बघा.