मेमरी रिकामी आहे, पण सलग नाही

खरिपात ई-पीक पाहणी सुरू झाली की यवतमाळ-वर्ध्याकडे शेतकरी धुऱ्यावर उभे राहून पऱ्हाटीचे फोटो काढताना दिसतात. हातात बहुतेकदा दोन-तीन जीबी रॅमचा फोन. कॅमेरा उघडायला वेळ लागला की नेटवर्कच्या नावानं बोटं मोडली जातात. पण कॅमेरा उघडायला नेटवर्क लागतच नाही. लागते ती मेमरी, आणि तीही पुष्कळदा एका सलग पट्ट्यात. उशिराची कारणं अनेक असतात, पण हे कारण फारसं कुणी सांगत नाही.

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स कर्नल, म्हणजे फोनची मेमरी आणि हार्डवेअर सांभाळणारा गाभा असतो. तो मेमरीची पानं पाडतो, बहुतेक फोनमध्ये ४ केबीचं एक. ॲपला दिलेली पानं कितीही विखुरलेली असली तरी चालतं, कारण प्रोसेसरमधला पत्ते बदलणारा भाग ती ॲपला सलग दाखवतो. कॅमेऱ्याचं चित्र मात्र प्रोसेसरला वळसा घालून थेट मेमरीत उतरतं. महागड्या चिपमध्ये कॅमेऱ्यासारख्या उपकरणांसाठीही पत्ते बदलायची सोय असते, तिला आयओएमएमयू म्हणतात. स्वस्त चिपमध्ये ती बरेचदा नसते. अशा वेळी उपकरणाला सुरुवातीचा पत्ता आणि लांबी एवढंच कळतं. १२ मेगापिक्सेलचं चित्र, दर पिक्सेलला दीड बाइट धरला, तर १ कोटी ८० लाख बाइट होतात. म्हणजे जवळजवळ ४,४०० पानं, एकाला एक लागून. फोन सकाळपासून वापरात असेल तर शेकडो एमबी मोकळी असूनही एवढा सलग पट्टा सापडत नाही.

पूर्वीचा उपाय सरळ होता: फोन सुरू होतानाच कॅमेऱ्यासाठी मोठा पट्टा राखून ठेवायचा. कॅमेरा दिवसभर बंद असला तरी ती जागा पडीकच. कमी रॅमच्या फोनला हे परवडणारं नव्हतं.

सॅमसंगमधल्या मिखाउ नाझारेविच आणि मारेक शिप्रोव्स्की यांनी सीएमए (कंटिग्युअस मेमरी ॲलोकेटर, म्हणजे सलग मेमरी वाटणारा) नावाची पद्धत बांधली. २०१२ साली ती लिनक्सच्या ३.५ आवृत्तीत आली. आठवडी बाजाराच्या मैदानात एरवी लोक सोयाबीन वाळत घालतात आणि बाजाराच्या दिवशी उचलून नेतात, तसं काहीसं. पट्टा राखीवच, पण एरवी इतरांना वापरायला मोकळा. अट एकच, तिथं हलवता येणारीच पानं ठेवायची. कॅमेऱ्यानं मागणी केली की कर्नल एकेक पान तपासतो. फाइलमधून वाचलेलं आणि न बदललेलं पान सरळ टाकून देतो, ते स्टोरेजमधून पुन्हा वाचता येतं. ॲपचा चालू मजकूर दुसरीकडे कॉपी करतो आणि पत्त्यांच्या तक्त्यात नवी जागा लिहितो. ॲपला पत्ताही लागत नाही. मला या कामाचं फार मोल वाटतं, कारण याचा फायदा सर्वात जास्त स्वस्त फोनवाल्याला होतो.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. हजारो पानं हलवायची तर क्षण जातात, रॅम भरलेली असेल तर जास्तच. आणि एखादं पान त्याच वेळी स्टोरेजवर लिहिलं जात असेल, तर ते संपेपर्यंत थांबावं लागतं. सर्वात त्रासदायक पानं म्हणजे दुसऱ्या एखाद्या उपकरणानं दीर्घकाळ अडकवून ठेवलेली. असं एक पान मधोमध आलं तरी पट्टा तुटतो. म्हणून आताचा कर्नल पान असं अडकवण्याआधीच ते सीएमएच्या पट्ट्याबाहेर नेतो.