हूड म्हणजे कमान नव्हे
ट्रॅक्टर पलटी होण्याबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

संरक्षक कमानीचा विषय काढला की वर्कशॉपमध्ये बरेच जण बोटाने वर दाखवतात, “हे काय, हूड आहे ना!” लासलगावला कांद्याच्या लायनीत उभे असताना हूड सावली देतो, तेवढंच त्याचं काम. पातळ पाइप आणि पत्र्याचं ते छत दोन टनांच्या ट्रॅक्टरखाली पापडासारखं मोडतं. कमान वेगळी. जाड पोलादाची, मागच्या ॲक्सलच्या घरावर बोल्टने आवळलेली, आणि ट्रॅक्टरचं वजन अंगावर घेण्यासाठीच बनवलेली.

हे पत्रक लिहिणारा माणूस स्वतः ट्रॅक्टरखालून निघालेला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबाग, अवकाळीने काळी माती लोण्यासारखी झालेली. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रुतला होता, तो ओढायला मी माझा पस्तीस हॉर्सपॉवरचा घेऊन गेलो. साखळी ड्रॉबारला, म्हणजे मागच्या खालच्या ओढायच्या दांडीला लावायची तर चिखलात गुडघे टेकावे लागतात. तो आळस केला आणि साखळी वर, टॉपलिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) ब्रॅकेटला अडकवली. पहिला गिअर, भरपूर रेस, क्लच सोडला. बॉनेट वर आलं, सायलेन्सर मागे झुकला आणि पुढचं मला खालून दिसलं. मागे पाण्याची चारी होती, तिच्यात मी पडलो म्हणून वाचलो. स्टिअरिंग छातीपासून वीतभरावर थांबलं होतं. बॅटरीचं ॲसिड शर्टावर ठिबकत होतं; पहिल्याच धुण्यात त्या शर्टाची चाळण झाली.

असं का होतं

इंजिनाची ताकद मागच्या चाकांना फिरवते. चाकंच फिरू शकली नाहीत, तर तीच ताकद ट्रॅक्टरचं धूड ॲक्सलभोवती फिरवू पाहते, म्हणजे पुढचा भाग उचलते. साध्या टू-व्हील ट्रॅक्टरचं साधारण सत्तर टक्के वजन मागच्या चाकांवर असतं, त्यामुळे पुढून उचलायला फार जोर लागत नाही. ओढ ड्रॉबारवर असली तर ती ॲक्सलच्या खालून लागते. वर बांधलेली साखळी ट्रॅक्टरलाच मागे खेचते. रुतलेल्या चाकांना ओंडका बांधून पुढे काढायची जी युक्ती गावोगाव चालते, तीही याच कारणाने जीवघेणी आहे. चाक अडलं की ट्रॅक्टर पुढून उभा उचलतो. रुतलात तर आधी रिव्हर्समध्ये काढून बघा. नाही निघाला तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा, आणि ओढणाऱ्याची साखळी ड्रॉबारलाच.

“पुढून उचलला की क्लच दाबेन,” असं सगळेच म्हणतात. उचल सुरू झाल्यापासून पाऊण सेकंदात ट्रॅक्टर परत खाली न येण्याच्या टप्प्यावर पोचतो, दीड सेकंदात पाठीवर. पाय क्लचवर जाईपर्यंत खेळ संपलेला असतो. माझा गेलाच नाही.

बाजूला पलटी होण्याची कारणं तुम्हाला माहीत आहेत, तरी दोन सांगतो. एक, ब्रेकचे दोन पेडल. शेतात वळताना वेगळे वापरता, ते रस्त्यावर येताना लॅचने जोडायचे राहून जातात. भरधाव ट्रॉलीसकट एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर कुठे जाईल ते बघायला थांबू नका. वेग दुप्पट झाला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. दोन, शेततळ्याचा आणि पाटाचा काठ. वरून टणक दिसतो, आतून भिजलेला असतो. चारी जितकी खोल, निदान तितकं अंतर काठापासून ठेवा. आणि मडगार्डवर कुणालाही बसवू नका, पोराला तर नाहीच.

कमान आणि पट्टा ही जोडी आहे

स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरला कमान सक्तीची केली, तेव्हापासून तिथे पलटीत दगावणाऱ्यांची संख्या घटत गेली. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्र सरकारच्या संस्थेत ट्रॅक्टर तपासले जातात, कमानींच्या ताकदीचीही चाचणी होते.

पट्ट्याबद्दल, म्हणजे सीट बेल्टबद्दल, लोकांच्या मनात भीती असते: “बांधून घेतलं तर अडकून मरू.” उलट आहे. ट्रॅक्टर कलंडला तरी कमानीच्या आत माणसापुरती जागा शाबूत राहते. पट्टा तुम्हाला त्या जागेत धरून ठेवतो. पट्टा नसेल तर तुम्ही बाहेर फेकले जाता आणि तीच कमान अंगावर येते. म्हणून कमान उभी असेल तर पट्टा लावा, उडी मारू नका, स्टिअरिंग घट्ट धरा. कमान नसेल किंवा दुमडलेली असेल तर पट्टा लावायचा नाही.

द्राक्षवाल्यांची अडचण आम्हाला कळते. मांडवाखाली उंच कमान घेऊन फवारणीचा ब्लोअर मारता येत नाही. त्यासाठी दुमडणारी कमान मिळते. ओळीतून बाहेर आलात की ती उभी करून पिन घाला. हीच पिन घालायची हमखास राहून जाते.

पलटी झालाच तर

इंजिन बंद करा. बिडी-काडी लांब ठेवा, डिझेल सांडलेलं असतं. १०८ ला फोन करा आणि माणूस किती वाजल्यापासून दबलाय ते सांगा. हातपाय बराच वेळ दबलेले असतील तर वजन एकदम काढल्यानेही जिवाला धोका होतो, ते डॉक्टरांना आधी कळायला हवं. घाईने दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढू नका. आधी दगड, लाकडं लावून तो स्थिर करा. मला ट्रॅक्टर उचलून काढलंच नाही. माझ्या चुलत्यांनी सगळ्यांना मागे सारलं आणि फावड्याने माझ्याखालची माती उकरली. बाहेर आल्यावर माणूस चालता-बोलता असला तरी दवाखान्यात न्या, पोटातला मार वरून दिसत नाही. पाणी-चहा पाजू नका.

ट्रॅक्टर सरळ केल्यावर लगेच सेल्फ मारू नका. उलटा असताना ऑइल पिस्टनच्या वर गेलेलं असतं, ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आम्ही त्याच संध्याकाळी सेल्फ मारला होता. इंजिन खोलावं लागलं. आधी डिझेलचे नोझल काढून इंजिन हाताने फिरवायचं असतं. आम्हाला बोलवा, शेतात येऊन करून देऊ.

सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव गेल्यास १ लाख. वय १० ते ७५. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि घरातली आणखी एक व्यक्ती यात येते. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. दुःखात हे दिवस निघून जातात, म्हणून घरातल्या कुणाला तरी आत्ताच सांगून ठेवा.

आमच्याकडे काय होईल, काय नाही

तुमच्या मॉडेलसाठी बनवलेली, चाचणी झालेली कमान आम्ही मागवून बसवतो. घरी वेल्डिंग करून देत नाही, कितीही ओळखीचे असाल तरी. कमानीला भोक पाडून लाइट किंवा टेप बसवत नाही. एकदा पलटीत वाकलेली कमान ठोकून सरळ करत नाही, ती भंगारात. काही जुन्या मॉडेलना कमान मिळतच नाही. तसं असेल तर स्पष्ट सांगू, पैसे घेऊन काहीतरी लावून देणार नाही.

येताना ट्रॅक्टरचं आरसी बुक आणि चेसिस नंबरच्या पट्टीचा फोटो आणा. सीटच्या गादीवर गोणपाट बांधलं असेल तर घरूनच सोडून या. पट्ट्याचा ताण सीटचा सांगाडा झेलेल का, ते आधी बघावं लागतं.