बैठकीतल्या चार माणसांनंतर

नाशिकच्या जुन्या वाड्यांत नवरा-बायकोचं बिनसलं की बैठक बसायची. मुलीचा मामा, मुलाचे काका, भावकीतली वडीलधारी मंडळी आणि स्थळ आणणारा मध्यस्थ. जुनं-पानं निघायचं, चहा व्हायचा आणि ‘भांड्याला भांडं लागायचंच’ म्हणून बहुतेक वेळा मुलीची सासरी रवानगी व्हायची. तिला काय हवंय, हे क्वचितच कुणी विचारायचं. ती आत माजघरात असायची.

बैठकीची सद्दी संपली ती नव्या विचारांपेक्षा घरं आणि नोकऱ्या बदलल्यामुळे. सातपूर, अंबडचे कारखाने आणि ओझरचा विमान कारखाना यांनी सिन्नर, निफाड, कळवणची पोरं शहरात आणली. सत्तरच्या दशकापासून सिडकोच्या योजना उभ्या राहिल्या. पत्ता सांगताना लोक आजही ‘सहावी योजना’ असंच म्हणतात. त्या छोट्या घरांत नवरा-बायको आणि मूल. भांडणं तीच, पण मामा गावाकडे.

कायद्याचंही पाऊल पुढे पडत होतं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं देशभर घटस्फोटाची वाट दिली, १९७६च्या दुरुस्तीनं परस्पर संमतीची. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी वेगळी न्यायालयं आणि तिथं समुपदेशकांची तरतूद केली. २००१च्या जनगणनेपर्यंत नाशिकनं हा आकडा ओलांडला होता. पण या न्यायालयांवरही पहिली जबाबदारी समेटाच्या प्रयत्नाचीच. बैठकीचा हेतू सरकारी खोलीत आला; मोठा फरक इतकाच की आता बाईलाही खुर्ची मिळाली. माझ्या मते हा फरक लहान नाही.

कुटुंबोपचाराचं, म्हणजे एकट्या रुग्णाऐवजी घरच्यांनाही सोबत घेऊन मानसिक त्रासावर काम करण्याच्या पद्धतीचं, मूळ वेगळं आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ मरी बोवेन यांनी रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही रुग्णालयात राहायला आणलं. मानववंशशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये घरातल्या परस्परविरोधी संदेशांचा स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराशी संबंध मांडला. आजार एकट्याचा नाही, नात्यांचा आहे, हा विचार तिथून जोर धरत गेला. स्किझोफ्रेनियाला घर जबाबदार धरणारा भाग पुढे टिकला नाही, आणि तो गेला हे बरंच झालं. त्यानं कित्येक आयांना विनाकारण अपराधी केलं होतं.

याच सुमारास अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णांसोबत राहायला लावलं. त्यामुळे ही सगळी विद्या परदेशातून आली, असं मला मान्य नाही. अमेरिकेत कुटुंबाला खोलीत आणावं लागलं. आपल्याकडे ते आधीच दारात उभं होतं. इथलं अवघड काम उलट आहे: सासूबाई, दीर, वडील सगळे बोलत असताना गप्प बसलेल्या एका माणसाचं म्हणणं ऐकू येईल इतकी जागा करणं.

एकट्या माणसाचं काय, इथं ही पद्धतही अडखळते. समुपदेशक तीन पिढ्यांचा नकाशा काढतात. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ, लग्न म्हणजे दोघांना जोडणारी रेघ. लग्न न केलेली आत्या त्यात आईवडिलांखाली लोंबत राहते. मग तिनं भाच्यांची शिक्षणं केलेली असोत की म्हातारी आई सांभाळलेली असो. बेटी कार्टर आणि मोनिका मॅकगोल्ड्रिक या कुटुंबोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये मांडलेल्या कुटुंबाच्या जीवनचक्रातही अविवाहित तरुण म्हणजे ‘दोन कुटुंबांच्या मधला’ टप्पा होता. एकटं राहणं म्हणजे थांबा, मुक्काम नव्हे. ‘कधी उरकणार?’ हा नाशिकमधल्या कोणत्याही हळदी-साखरपुड्यातला प्रश्न त्याच समजुतीतून येतो.

या समजुतीला कायद्यानं निदान एका ठिकाणी छेद दिला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती मानसिक आजाराच्या उपचारांत आपली बाजू सांभाळणारा प्रतिनिधी स्वतः नेमू शकते. तो नातलगच हवा अशी अट नाही. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. इंदिरानगरात एकटी राहणारी बाई त्या कागदावर मैत्रिणीचं नाव लिहू शकते.