‘कट्यार’ची पदे आणि ती लिहिणारे दारव्हेकर मास्तर

नागपुरात नाट्यसंगीताची मैफल आहे आणि ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातले ‘घेई छंद मकरंद’ झाले नाही, असे सहसा होत नाही. निवेदक गायकाची ओळख करून देतो, संगीतकार म्हणून पं. जितेंद्र अभिषेकींचे नाव घेतो आणि तबला सुरू होतो. पद लिहिले कोणी, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहूनच जाते. ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर (१९२६–१९९९) याच शहराचे. निदान इथे तरी त्यांचे नाव सुटू नये.

दारव्हेकर पेशाने शिक्षक, म्हणून सगळ्यांचे ‘मास्तर’. नागपुरात त्यांनी ‘रंजन कला मंदिर’ उभे केले, मुलांसाठी नाटके लिहिली आणि बसवली. पुढे आकाशवाणीत गेले, मग दिल्ली दूरदर्शनला. ‘वऱ्हाडी माणसं’मध्ये त्यांनी इकडची बोली रंगमंचावर आणली, तर ‘चंद्र नभीचा ढळला’ हे नाटक फ्रेंच लेखक कामूच्या ‘कॅलिग्युला’वरून केले. बोलीवर आणि संस्कृतप्रचुर भाषेवर सारखीच पकड असणारा हा लेखक होता. त्यांची पदे नीट ऐकायची तर हे लक्षात ठेवावे लागते.

संगीत नाटकात पद लिहिणे हे नाटक लिहिण्याहून वेगळे कसब आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त (१८८०) २०९ पदे होती. तिथे गोष्ट पदांतूनच पुढे सरकत असे. नंतर गायकी वाढत गेली, पदे कमी आणि लांब होत गेली. नाटककार एक आणि पदकार दुसरा, असेही होऊ लागले. नागपूर जिल्ह्यात सावनेरला जानेवारी १९१९ मध्ये राम गणेश गडकरी गेले. त्यांचे ‘एकच प्याला’ पुढच्याच महिन्यात रंगभूमीवर आले, आणि त्यातली गाजलेली पदे वि. सी. गुर्जरांची आहेत, हे आजही अनेक रसिकांना ठाऊक नसते. बोलपटानंतर संगीत रंगभूमी मागे पडली. १९६०च्या सुमारास विद्याधर गोखल्यांची नाटके आली, १९६४ मध्ये अभिषेकींच्या संगीताने ‘मत्स्यगंधा’ गाजले आणि तिला पुन्हा श्रोता मिळाला. ‘कट्यार काळजात घुसली’ आले ते या वातावरणात. डिसेंबर १९६७, प्रभाकर पणशीकरांची ‘नाट्यसंपदा’.

या नाटकात गाणे हाच विषय आहे. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन या दोन गवयांची दोन घराणी, दोन स्वभाव, राजगायकपदासाठीची चुरस, आणि त्या पदाबरोबर मिळणारी कट्यार, जिने केलेला एक खून माफ. खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे, पंडितजी झाले भार्गवराम आचरेकर, खाँसाहेबांची मुलगी झरीना झाल्या फैय्याज. वसंतरावांचा जन्म मूर्तिजापूरचा आणि गाण्याची सुरुवातीची तालीम नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडची. म्हणजे लिहिणारा आणि गाणारा, दोघेही विदर्भाच्या मातीतले. गोव्याच्या अभिषेकींनी त्यांना बांधून घेतले.

दारव्हेकरांपुढची अडचण अशी, की दोन गवयांतला फरक श्रोत्याला कानाने कळला पाहिजे. व्याख्यान देऊन तो कळत नाही. त्यांनी एकच पद दोघांच्या गळ्यात दिले. ‘घेई छंद’ पंडितजींच्या बाजूने येते ते धानी रागात, संथ, शब्द गोंजारत. खाँसाहेबांच्या बाजूने येते ते सालगवराळी रागात, तानांच्या फेकीत. अक्षर तेच. दोन्ही गायकी पेलणारे पद लिहायचे, तर त्याची बांधणी फार पक्की लागते.

त्या पदाची दुसरी ओळ घ्या: ‘मधुसेवनानंद स्वच्छंद, हा धुंद’. मात्रा मोजल्या तर पाच-पाचाचे चार तुकडे पडतात: मधुसेव, नानंद, स्वच्छंद, हा धुंद. शेवटच्या तिन्ही तुकड्यांच्या अखेरीस अनुस्वार आणि त्यावर ‘द’. अनुस्वारावर सूर घुमतो, ‘द’वर थांबतो. तान कुठूनही आली तरी तिला उतरायला दर पाच मात्रांनी पायरी तयार आहे. भुंग्याचे गुंजन शब्दांतच भरलेले आहे, गायकाने ते वेगळे आणायला नको.

चूक होते तीही इथेच. मात्रेचा तुकडा ‘मधुसेव’वर पडतो, पण अर्थाचा जोड ‘सेवन’ आणि ‘आनंद’ यांच्यामध्ये आहे. नवा गायक ‘मधुसेव’वर श्वास घेतो आणि पुढे ‘नानंद’ असा निरर्थक शब्द ऐकू येतो. श्वास घ्यायचा तो ओळीच्या आधी किंवा ‘स्वच्छंद’नंतर. दुसरी चूक द्रुत लयीत अनुस्वार गिळण्याची. ‘छंद’चे ‘छद’ झाले की पदाचा कणाच मोडतो.

‘तेजोनिधि लोहगोल, भास्कर हे गगनराज’ याची चण निराळी. सहा मात्रांचे चार ठोकळे: तेजोनिधि, लोहगोल, भास्कर हे, गगनराज. सूर्याला ‘लोहगोल’ म्हणणे हे खास दारव्हेकरांचे वाटते. कोवळ्या उन्हाचे सूर्यस्तवन इथे नाही, तापून लाल झालेला गोळा आहे. वैशाखात नागपूरच्या रस्त्यावर दुपारी चाललेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अभिषेकींनी त्याला ललत-पंचम राग दिला आणि तो भारदस्तपणा सुरांतही आला.

आणि ‘या भवनातील गीत पुराणे’. मैफलीत हे प्रसन्न, उडते गाणे म्हणून टाळ्या घेते. नाटकात ते खाँसाहेब पंडितजींच्या हवेलीत शिरताना म्हणतात: तुमचे हळवे सूर आता इथून काढा, हे घर आमच्या गाण्याचे. एका माणसाची आयुष्यभराची साधना घराबाहेर काढली जाते आहे आणि शब्द ठेक्यात नाचताहेत. प्रसंग काढून घेतला की पदाची धारच जाते. निवेदनात फक्त दोन वाक्ये हवीत, कोण कुणाच्या घरात उभा राहून हे म्हणतो आहे, एवढेच. श्रोते वेगळे ऐकू लागतात.

ध्वनिमुद्रणात नेमका हाच भाग गळाला. जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीत एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. ‘कट्यार’च्या काळापर्यंत ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी (बाजूला सात मिनिटांच्या आसपास) आणि ३३⅓ची मोठी (बाजूला वीस-पंचवीस मिनिटे) आली होती. तरीही प्रयोगात वन्समोअर घेत रंगणारे पद तबकडीवर आटोपशीरच करावे लागे. संवादातून पद उगवते ती जागा, पदाच्या मध्येच येणारे बोलणे, हे सारे कापले गेले. राहिला तो गळा आणि चाल. म्हणून लोकांच्या लक्षात गायक राहिला, पुढे संगीतकार, आणि लेखक सर्वांत शेवटी.

२०१०च्या सुमारास राहुल देशपांडे यांनी खाँसाहेब आणि महेश काळे यांनी पंडितजींचा शिष्य सदाशिव साकारत नाटक पुन्हा उभे राहिले. २०१५ मध्ये सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट आला. चित्रपटाने पदे नव्या पिढीपर्यंत नेली, हे मोठेच काम झाले. पण त्यामुळे एक घोटाळाही झाला. ‘सूर निरागस हो’, ‘अरुणि किरणी’, ‘यार इलाही’ ही गाणी चित्रपटासाठी नव्याने झाली. ‘अरुणि किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो रास्तच. ती दारव्हेकरांची मात्र नाहीत आणि १९६७च्या नाटकातही नाहीत. मोबाइलवर ‘कट्यार’ शोधले की दोन्ही एकाच यादीत येतात. कार्यक्रमपत्रिका करताना प्रत्येक पदापुढे ‘नाटक’ की ‘चित्रपट’ हे लिहावे.

आता घराघरांतल्या ठेव्याविषयी. नाट्यप्रयोगांच्या, आकाशवाणीवरून घेतलेल्या कॅसेट आणि जुन्या तबकड्या अजून माळ्यांवर पडून असतात. नागपूरचा मे महिना त्यांचा पहिला शत्रू. स्लॅबखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या तबकड्या उष्णतेने आणि वजनाने वाकतात. त्या उभ्या, खालच्या खोलीत, आतल्या भिंतीला लागून ठेवाव्यात. पावसाळ्यात बुरशी धरते. तीन तासांहून लांब नाटक साठ मिनिटांच्या कॅसेटवर घेताना दर अर्ध्या तासाने बाजू पालटावी लागे, त्यात पदाचा मुखडा तरी जाई नाहीतर शेवट. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ. ती ताणली जाते आणि प्लेअरमध्ये गुंतते. वाजवण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, प्लेअरचे हेड (फीत वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि पहिली नक्कल वेव्ह फाइलमध्येच घ्यावी. एमपी-३ नंतर करता येते.

वेगाकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. प्लेअर सहा टक्के जोरात फिरला की पेटीच्या काळी एक पट्टीतला षड्ज (सा) शेजारच्या पांढरी दोनला जातो, तान अधिक चपळ वाटते आणि ऐकणारा त्यालाच वसंतरावांची फिरत समजतो. षड्ज पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लागत असेल तर वेग चुकलाच आहे असे धरावे. पट्टीवर बरोबर लागला तरी त्याच गायकाच्या दुसऱ्या मुद्रणाशी ताडून पाहावे. आणि फाइलला नाव देताना गायक, राग, प्रयोगाचे वर्ष यांच्या जोडीने आणखी एक रकाना करावा: पद – पुरुषोत्तम दारव्हेकर.