कृपा व तारण (ख्रिस्ती संकल्पना)

पापी माणसाची सुटका त्याच्या पुण्याईने होत नाही, देव ती आपणहून आणि फुकट करतो, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा. या देण्याला कृपा म्हणतात, सुटकेला तारण.

विदर्भातल्या शेतकऱ्याने 'तारण' बहुधा बाजार समितीत आधी ऐकलेले असते. शेतमाल तारण योजनेत तूर-सोयाबीन गोदामात ठेवायचे, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल घ्यायची, भाव चढला की पैसे भरून माल सोडवायचा. ख्रिस्ती अर्थाने मात्र अडकलेला माल म्हणजे माणूसच, आणि भरणा करतो येशू, क्रुसावर. त्या मोलाला मराठी बायबल (मार्क १०:४५) 'खंडणी' म्हणते. आजच्या वाचकाला त्यात गुंडच दिसतो, ती गोष्ट वेगळी.

येशूच्या अरामी बोलीत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता. म्हणून प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची ऋणे आम्हांला सोड' असे मागणे येते. कर्जमाफीची उपमा इथे सहज सुचते, पण ती फार दूर जात नाही. २००८ च्या माफीत पूर्ण लाभाला दोन हेक्टरांची मर्यादा होती आणि त्याहून थोडी जास्त कोरडवाहू जमीन असलेले विदर्भातले कित्येक जण पूर्ण माफीबाहेर राहिले. कृपेच्या यादीला अशी पात्रता नाही.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी दिवस मावळायला तासभर उरला असताना आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाचा दिनार देतो. कापूस वेचणाऱ्या बायांना हा दाखला खटकायलाच हवा: संध्याकाळी धुऱ्यावर वजनकाटा लागतो, किलोमागे पैसे मिळतात. सकाळपासून राबलेले मजूर दाखल्यातही कुरकुरतातच.

माणूस स्वबळावर चांगला होऊ शकतो हे पेलागियस या ख्रिस्ती शिक्षकाचे मत बिशप ऑगस्टीनने खोडले. ४१८ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मपरिषदेने ते नाकारले. तारणात कृपा किती आणि माणसाची कृत्ये किती, यावरून सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक ल्यूथर व रोमचे कॅथलिक चर्च यांची फाटाफूट झाली. १९९९ मध्ये ल्यूथरचे अनुयायी (ल्यूथरन) व कॅथलिक यांनी या प्रश्नावर संयुक्त जाहीरनामा केला. नागपुरात १८४५ मध्ये आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप ल्यूथरनंतरच्या प्रोटेस्टंट परंपरेतले. यवतमाळलाही १९५३ ते १९८३ धर्मशिक्षणाची सेमिनरी होती.

बाप्तिस्म्याने, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या जलविधीने, पापाशी झगडा संपत नाही. 'जे चांगले करावेसे वाटते ते मी करत नाही,' अशा अर्थाचे प्रेषित पौलाने स्वतःविषयीच लिहिले आहे (रोम ७:१९). दारू सोडून पोळ्याच्या करीला पुन्हा घोट घेतलेला गडी रविवारी मंडळीत मागच्या बाकावर बसतो. कॅथलिक असेल तर फादरांपुढे पापनिवेदन करतो, प्रोटेस्टंट असेल तर प्रार्थनेत थेट देवापुढे, आणि पुढल्या पोळ्यालाही त्याला तेच करावे लागू शकते.