क्लोज-अप पेटी उघडण्यापूर्वी

मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठे चित्र घेणारी लेन्स) विकत घ्यावी की नाही हे ठरत नसले, की ग्राहक बहुधा ही पेटी भाड्याने नेतात. लेन्स विकणे हा आमचाच धंदा असला तरी आमचा सल्ला हाच असतो: आधी हातातल्या लेन्सवर प्रयोग करून पाहा. पेटीत १२, २० आणि ३६ मिमीच्या तीन एक्सटेंशन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी, काच नसलेली पोकळ कडी), एक रिव्हर्स रिंग, +४ चे क्लोज-अप भिंग, छोटा एलईडी दिवा, ट्रेसिंग पेपर, धूळ उडवायचा ब्लोअर आणि एक पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आहे. पट्टी चुकून राहिलेली नाही. पहिला फोटो तिचाच काढायचा आहे.

पहिला फोटो पट्टीचा

कॅमेऱ्याला ५० मिमीची लेन्स आणि ३६ मिमीची ट्यूब लावा. पट्टी समोर सपाट ठेवा, फोटो काढा आणि चौकटीच्या रुंदीत किती मिलिमीटर मावले ते मोजा. सेन्सरच्या (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टिकेच्या) रुंदीला त्या आकड्याने भागले की तुमचे वर्धन मिळाले, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराच्या किती पट उमटली ते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. पट्टीचे ३६ मिमीच दिसले, तर वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी उतरली, म्हणजे १:१. काटेकोरपणे बोलायचे तर मॅक्रो इथून पुढे सुरू होते. नायकॉन आपल्या अशा लेन्सना 'मायक्रो' म्हणते, बाकीच्या बहुतेक कंपन्या 'मॅक्रो'. त्या नावांच्या वादात पडू नका, पट्टी खरे सांगते.

ट्यूबचा हिशेब सोपा आहे. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लांबी (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा), एवढे वर्धन वाढते. ५० मिमीला ३६ ची ट्यूब लावली तर ०.७२, तिन्ही ट्यूब जोडल्या तर ६८ भागिले ५०, म्हणजे १.३६. त्याच ३६ च्या ट्यूबने २०० मिमीच्या लेन्सला जेमतेम ०.१८ मिळते. लांब लेन्सला ट्यूबपेक्षा क्लोज-अप भिंग बरे. +४ च्या भिंगाची फोकल लांबी २५० मिमी असते. १०० मिमीच्या लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सर्वात लांबच्या खुणेवर ठेवून ते पुढे लावले तर ०.४ वर्धन मिळते आणि वस्तू भिंगापासून २५ सेंमीवर राहते, म्हणजे दिवा ठेवायला ऐसपैस जागा. उलट २४ मिमीच्या लेन्सला ३६ ची ट्यूब लावून पाहू नका, वस्तू काचेला जवळजवळ टेकते.

ट्यूब लावल्यावर लांबचे काहीच स्पष्ट दिसत नाही, अशी तक्रार घेऊन पेटी परत येते. ट्यूब बिघडलेली नसते. लेन्स सेन्सरपासून दूर गेल्याने अनंताचा फोकस जातोच, ती या सौद्याची किंमत आहे. फोकसची रिंग फिरवूनही फारसा फरक पडत नाही. वर्धन रिंगने ठरवा आणि फोकससाठी कॅमेराच पुढे-मागे सरकवा.

एक मिलिमीटरचा खेळ

आता पट्टी ४५ अंशांनी तिरकी ठेवा आणि पुन्हा फोटो काढा. किती थोड्या रेघा स्पष्ट आल्या ते पाहा. १:१ ला, फुल फ्रेमवर, अॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; एफ आकडा मोठा, तितके ते लहान) एफ ८ ठेवूनही स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट येणारा भाग, साधारण १ मिमीच मिळते. २:१ ला ती ०.४ मिमीच्याही खाली जाते. शर्टाच्या गुंडीच्या कडेवर फोकस केला तर तिची छिद्रे धूसर होतात, ते यामुळे.

मग अॅपर्चर एफ २२ करू, असे कुणालाही वाटते. इथे एक फसगत आहे. १:१ ला लेन्सचा प्रत्यक्ष एफ आकडा दुप्पट होतो: तुम्ही १६ लावता, सेन्सरला मिळतो ३२. उजेड चौथाईवर येतो, आणि इतक्या बारीक छिद्रातून येताना प्रकाश पसरतो म्हणून सगळा फोटोच मऊ पडतो. खोली वाढते, धार जाते. आमच्या अनुभवात एफ ८ ते ११ च्या पलीकडे गेल्याचा पश्चात्ताप होतो.

खोली हवीच असेल तर फोकस स्टॅकिंग करा. कॅमेरा अर्ध्या मिलिमीटरच्या टप्प्यांनी पुढे नेत फोटो काढत जायचे. १० मिमी खोलीच्या वस्तूला सुमारे २० फोटो होतात. फोटोशॉप किंवा हेलिकॉन फोकससारखे सॉफ्टवेअर त्यातला स्पष्ट भाग निवडून एक चित्र करते. वस्तू आणि उजेड मात्र जागचे हलता कामा नयेत.

हलण्यावरून आठवले: पंखा बंद करा. हे विनोदाने सांगत नाही. या वर्धनाला टेबलाचा धक्का, शटरचे बटण दाबताना लागणारे बोट, सगळे फोटोत उतरते. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर, एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात.

रिव्हर्स रिंगने लेन्स उलटी बसते आणि छोट्या फोकल लांबीची लेन्स एकदम ताकदवान होते. २८ मिमीची लेन्स उलटी लावली की दुपटीच्या आसपास वर्धन मिळते. पण कॅमेऱ्याशी तिचा विजेचा संबंध तुटतो, म्हणून अॅपर्चरची स्वतःची रिंग असलेली जुनी मॅन्युअल लेन्स असेल तर तीच वापरा.

उजेड आणि धूळ

लेन्सपेक्षा या दोन गोष्टींनी फोटो जास्त सुधारतो किंवा बिघडतो. दिवा वस्तूच्या बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर ठेवा. नाण्यावरची झीज, कागदाचे तंतू, दोऱ्याचा पीळ, सगळे सावल्यांमुळे उठून येते. दिवा समोरून लावला की तेच नाणे सपाट दिसते. चमकदार धातूसाठी मात्र दिवा आणि वस्तू यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर धरा. कागद वस्तूच्या जितका जवळ, तितका उजेड पसरट.

धुळीबद्दल काय सांगावे! डोळ्याला स्वच्छ दिसणारी टाचणी पडद्यावर केरसुणीसारखी दिसते. फोटोआधी ब्लोअर मारा, बोट लावू नका, बोटाचे तेल धुळीपेक्षा हट्टी असते.

काय काय काढून पाहावे

छापील मासिकातले रंगीत चित्र घ्या. आकाश निळे दिसते ना? जवळून ते निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचे निघते. पडद्यावर पांढरे पान उघडून त्याचा क्लोज-अप काढा, पांढरा रंग सापडणार नाही. लाल, हिरव्या, निळ्या तुकड्यांची जाळी सापडेल. बॉलपेनच्या टोकातली गोळी, सुईचे नेढे, मिठाचे दाणे (चौकोनी ठोकळे निघतात, कोपरे झिजलेले असले तरी) हे सगळे एका संध्याकाळीत होते.

वेल्क्रोच्या दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवा. एकीवर बारीक आकडे, दुसरीवर मऊ फासे. स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल यांना १९४१ मध्ये फिरून आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना ही कल्पना सुचली. आज तेच आकडे तुम्ही ट्यूबमधून पाहणार आहात.

आमची सर्वात आवडती गोष्ट मात्र पेटीतल्या पट्टीचीच. एलसीडी पडद्यावर पूर्ण पांढरे पान उघडा, पट्टी त्याच्यासमोर धरा आणि लेन्सवर पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश आत सोडणारा फिल्टर) लावून तो हळूहळू फिरवा. एका जागी पडदा काळा होतो आणि पट्टीत इंद्रधनुष्याचे पट्टे उमटतात. साच्यात थंड होताना प्लॅस्टिकमध्ये अडकून राहिलेला ताण या रंगांतून दिसतो. जिथे पट्टे दाट, तिथे ताण झपाट्याने बदलतो. पोलरायझर पेटीत नाही, मागितल्यास सोबत देतो.

फोनवर काढणाऱ्यांसाठी थोडक्यात: वस्तूच्या फार जवळ गेले की काही फोन आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातात आणि चित्र उडी मारते. ती सोय सेटिंगमधून बंद करता येत असेल तर करा. फोनचीच सावली वस्तूवर पडते, म्हणून दिवा बाजूनेच हवा.

पेटी परत करताना

ट्यूब लावताना-काढताना कॅमेरा बंद ठेवा आणि त्याचे तोंड खाली धरा, म्हणजे धूळ आत कमी जाते. फोटोंवर डाग दिसले तर सेन्सर घरी पुसू नका, कॅमेरा आमच्याकडे आणा. ट्यूबना दोन्ही बाजूंची झाकणे लावा. क्लोज-अप भिंगाला ओरखडा पडला असेल तर लपवू नका, पुढच्या ग्राहकाला आम्हाला सांगावे लागते. आणि पट्टी आठवणीने परत ठेवा. सर्वात जास्त वेळा तीच हरवते.